स्विचचा बाजार आणि वाढीचे आकडे



वसंतातील या ज्ञानसत्रात इतिहास, तत्त्वज्ञान, राजकारण अशा भारदस्त विषयांची परंपरा आहे. त्या पंक्तीत संगणकांच्या जाळ्यातील एक लोखंडी पेटी आणून बसवावी, आणि तीही तिच्या बाजाराच्या चर्चेसह, हे कित्येकांना विचित्र वाटेल. तरीही चालकांनी हा विषय मान्य केला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. कारण ही पेटी आज कोणाच्याही संसारापासून दूर राहिलेली नाही. बँकेतून पैसे काढा, रेल्वेचे तिकीट घ्या, इस्पितळात रक्त तपासायला द्या. तुमचे काम कोठे तरी अशा एका पेटीतून गेल्यावाचून पुरे होत नाही. या पेट्या आपल्या पतपेढ्या, महाविद्यालये आणि नगरपालिका विकत घेतात, म्हणजे पर्यायाने आपणच विकत घेतो. आणि त्या घ्याव्यात म्हणून जो आग्रह होतो, तो बहुधा वाढीच्या आकड्यांच्या भाषेत होतो. "हा बाजार अमुक टक्क्यांनी वाढतो आहे, मागे राहू नका," हे त्या आग्रहाचे सार असते. या वाढीचा अर्थ काय, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे मांडावा, असा आमचा मानस आहे.

स्विच म्हटले की भिंतीवरचे दिव्याचे बटण डोळ्यांपुढे येते. आमचा स्विच तो नव्हे. कचेरीच्या कोपऱ्यात, जाळीच्या कपाटात, हिरवे दिवे लुकलुकत असलेली आणि ओळीने तारा खोचलेली एक चपटी पेटी असते. तिला संगणकाच्या धंद्यात स्विच म्हणतात. तिचे काम समजण्यासाठी टपालाचा दाखला पुरेसा आहे. समजा, एखाद्या गावात सर्वांची पत्रे चावडीवर मोठ्याने वाचली जातात आणि ज्याचे पत्र असेल त्याने ते ऐकून घ्यावे अशी रीत आहे. एक पत्र वाचले जात असताना दुसरे वाचता येत नाही, आणि दोघे एकदम वाचू लागले तर कोणालाच काही कळत नाही. संगणकांची आरंभीची जाळी थेट या चावडीसारखी होती. स्विच हा पोस्टातला पत्रे निवडणारा कारकून आहे. कोणता पत्ता कोणत्या खोलीचा हे तो येणाऱ्या पत्रांवरून स्वतःच शिकतो, आणि ज्याचे पत्र त्याच्याच खणात टाकतो. म्हणून एकाच वेळी अनेकांचा पत्रव्यवहार परस्परांना अडथळा न करता चालतो.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १९७३ साली अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट नावाची पद्धत बांधली. तिचा वेग सेकंदाला सुमारे २९ लाख बिट्स इतका होता. १९८० साली झेरॉक्स, इंटेल आणि डिजिटल या तीन कंपन्यांनी सेकंदाला एक कोटी बिट्स वेगाचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि १९८३ साली तो अमेरिकेतील विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेने प्रमाण म्हणून स्वीकारला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. प्रमाण सार्वजनिक झाल्यामुळे एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या पेटीशी बोलू शकली. पुढे या बाजाराची जी भरभराट झाली, तिचा पाया येथे आहे.

चावडीची जागा कारकुनाने घेतली ती १९९० साली. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या एका कंपनीने सात जोडण्यांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. त्या कंपनीचे नाव 'कल्पना' होते! १९९४ साली सिस्को कंपनीने ती कल्पना सुमारे वीस कोटी डॉलर देऊन विकत घेतली. त्यानंतर वेगाच्या पायऱ्या भराभर चढल्या गेल्या. १९९५ मध्ये सेकंदाला दहा कोटी बिट्स, १९९८ मध्ये शंभर कोटी, २००२ मध्ये हजार कोटी, अशी प्रमाणे ठरत गेली. २०१७ साली चारशे अब्जांचे आणि २०२४ साली आठशे अब्ज बिट्सचे प्रमाण ठरले.

आता बाजाराकडे वळू. वाढ म्हणजे काय, असा प्रश्न केला तर ती निदान तीन मापांनी मोजता येते. किती पेट्या खपल्या हे एक माप. त्या पेट्यांतून किती वेगाने माहिती वाहू शकते हे दुसरे. आणि ग्राहकांनी किती पैसे मोजले हे तिसरे. ही तीन मापे एकमेकांबरोबर चालतातच असे नाही. समजा, एखाद्या महाविद्यालयाने चोवीस जोडण्यांची जुनी पेटी काढली आणि दसपट वेगाची चोवीस जोडण्यांचीच नवी पेटी बसवली. वेगाच्या हिशेबाने वाढ दसपट झाली, पेट्यांच्या हिशेबाने शून्य झाली, आणि नवी पेटी जुनीपेक्षा स्वस्त मिळाली असेल तर रुपयांच्या हिशेबाने घट झाली. तिन्ही विधाने खरी आहेत. विकणारा त्यांतले कोणते सांगेल हे आम्ही सांगायला नको.

हे नुसते उदाहरण म्हणून सांगत नाही. या धंद्याची रीतच तशी आहे. पेटीच्या पोटात एक चिप असते आणि सगळी मेहनत तीच करते. ब्रॉडकॉम कंपनीच्या २०१० सालच्या एका चिपची क्षमता सेकंदाला ६४० अब्ज बिट्स होती. त्याच कंपनीने २०२५ साली बाजारात आणलेल्या चिपची क्षमता १,०२,४०० अब्ज बिट्स आहे. पंधरा वर्षांत एकशेसाठपट! जगाने या पेट्यांवर खर्च केलेला पैसा त्या काळात एकशेसाठपटीने वाढलेला नाही, त्याच्या जवळपासही गेलेला नाही. ज्या मालाचा दर्जा एवढ्या झपाट्याने वाढतो, त्याचा दर एकक भाव सारखा उतरत असतो, आणि म्हणून गरज अफाट वाढूनही बाजार बेताने वाढतो. शेतकरी मंडळींना हे वेगळे समजावून सांगण्याची जरूर नाही. पीक दुप्पट आले म्हणून हाती पैसा दुप्पट येतो, असा अनुभव त्यांना नसतो.

हा झाला पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा याहून नाजूक आहे. तो म्हणजे मागणी आणि गरज यांतील भेद. कंपनीच्या वहीत नोंदलेली मागणी ही ग्राहकाची खरी गरज असतेच असे नाही. एके काळी आपल्याकडे स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या काळात शहाणा गृहस्थ स्वतःच्या नावाबरोबर बायकोचे, भावाचे, मेव्हण्याचेही नाव नोंदवून ठेवी. नंबर कोणाचाही लागो, गाडी घरात येवो! यादीत चार स्कूटरी दिसत, गरज एकीची असे. पुढे स्कूटरी मुबलक झाल्या आणि त्या याद्या आपोआप विरल्या.

स्विचच्या बाजारात हे नाटक दोनदा मोठ्या प्रमाणावर झाले आहे. पहिला प्रवेश १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीचा. त्या वेळी अमेरिकेत एक वाक्य सर्वतोमुखी झाले होते: इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते. वर्ल्डकॉम या दूरध्वनी कंपनीच्या गोटातून ते पसरले आणि सरकारी अहवालांपर्यंत जाऊन पोचले. शंभर दिवसांत दुप्पट म्हणजे वर्षात सुमारे साडेबारापट. ए. टी. अँड टी. च्या प्रयोगशाळेतील गणिती अँड्र्यू ओडलिझ्को यांनी सहकाऱ्यासह १९९८ साली प्रत्यक्ष मोजमापे तपासून दाखवले की, वाहतूक साधारण वर्षाला दुप्पट होत आहे. वर्षाला दुप्पट हीदेखील थोर वाढ आहे. पण तीन वर्षांचा हिशेब मांडून पाहा. एका मापाने वाढ आठपट होते, दुसऱ्या मापाने सुमारे दोन हजारपट! आठपटीची गरज असताना दोन हजारपटीची तयारी करावयास निघालेल्यांची काय गत व्हावी?

गत व्हायची तीच झाली. मार्च २००० मध्ये सिस्को ही भांडवली बाजाराच्या भावाने जगातील सर्वांत मोलाची कंपनी ठरली. तिचे मोल पाचशे अब्ज डॉलरांच्या वर गेले. मालाचा तुटवडा होता, म्हणून ग्राहक दोन-दोन ठिकाणी मागण्या नोंदवत होते, आणि त्या मागण्या खऱ्या मानून सुट्या भागांची साठवण चालली होती. माल विकणाऱ्या कंपन्यांनीच माल घेणाऱ्यांना कर्जे दिली होती. वर्षभरात हवा पालटली. २००१ च्या वसंतात सिस्कोला सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरांचा साठा नुकसानीखाते टाकावा लागला आणि हजारो माणसांना घरी जावे लागले. समभागाचा भाव पुढे ऐंशी टक्क्यांहून अधिक घसरला, आणि त्याला २००० सालची उंची पुन्हा गाठायला २०२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. वर्ल्डकॉमचे दिवाळे जुलै २००२ मध्ये वाजले. यात ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, इंटरनेट काही खोटे नव्हते. त्या पंचवीस वर्षांत ते अपेक्षेपेक्षाही मोठे झाले. गरज खरी होती आणि तरीही बाजार कोसळला.

दुसरा प्रवेश आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला. २०२० साली कोविडची साथ आली. घरे हीच कचेऱ्या आणि शाळा झाली. चिप्सचा तुटवडा पडला. २०२१ आणि २०२२ साली काही स्विचसाठी वर्षभर थांबावे लागे. पुन्हा तेच झाले: उशिरा मिळणार म्हणून आधी मागवा, थोडेच मिळणार म्हणून जास्त मागवा. मग २०२३ मध्ये चिप्स सुटल्या, तुंबलेला माल एकदम ग्राहकांच्या दारात येऊन पडला, आणि त्यांनी नव्या मागण्या थांबवल्या. सिस्कोने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सांगितले की, ग्राहक आलेला माल बसवण्यातच गुंतले आहेत. जुलै २०२३ ला संपलेल्या वर्षात त्या कंपनीचे उत्पन्न सुमारे ५७ अब्ज डॉलर होते, ते पुढच्या वर्षी ५४ अब्जांच्या खाली आले. २०२२ चा आकडा पाहून जो वाढीची सरळ रेघ ओढत होता, त्याची रेघ २०२४ मध्ये हवेत लोंबकळत राहिली.

तिसरा मुद्दा किल्लीचा. बाजार वाढला, पण त्या वाढीचा मालक कोण? पूर्वी पेटी, तिच्यातली चिप आणि तिला चालवणारी आज्ञावली ही तिन्ही एकाच कंपनीची असत. २०१० च्या सुमारापासून हे एकत्र कुटुंब विभक्त होऊ लागले. चिप ब्रॉडकॉमसारख्यांकडून घ्यायची आणि पेटी कोणीही बांधायची, अशी रीत पडली. मोठ्या ग्राहकांनी तर कंपन्यांचा उंबरठाच ओलांडला. गूगलने २००५ च्या सुमारास स्वतःचे स्विच स्वतःच बांधायला आरंभ केला आणि त्याची हकीकत २०१५ साली प्रसिद्ध केली. फेसबुकने २०१४ साली आपल्या स्विचचा आराखडा जाहीर केला. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली स्विच चालवणारी आज्ञावली जगाला मोकळी करून दिली. २००४ साली स्थापन झालेली अरिस्टा ही कंपनी याच वाऱ्यावर वाढली. दिल्लीत वाढलेल्या जयश्री उल्लाल २००८ सालापासून तिच्या प्रमुख आहेत. पण त्या कंपनीचे २०२३ सालचे एक तृतीयांशाहून अधिक उत्पन्न मायक्रोसॉफ्ट आणि मेटा या दोनच ग्राहकांकडून आले. बाजार जगभर पसरलेला दिसतो, आणि त्याची नाडी मात्र मूठभर ग्राहकांच्या हाती असते. त्यांतल्या एकाने वर्षभर हात आखडता घेतला तर सगळ्या बाजाराला ताप चढतो.

आज या बाजारात नवा उत्साह संचारला आहे, तो कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. मोठी प्रणाली शिकवायची तर हजारो संगणकीय चिप्स एकाच कामाला जुंपाव्या लागतात, आणि प्रत्येक पावलाला त्यांना एकमेकींशी हिशेब जुळवावा लागतो. शंभर बैल एका गाड्याला जोडले आणि एकाची दोरी आखूड पडली, तर नव्याण्णव उभे राहतात. कोट्यवधींची यंत्रे तारेवरच्या खोळंब्यामुळे रिकामी राहू नयेत, म्हणून स्विचवर सढळ हाताने खर्च होतो. एनव्हिडिया या चिप कंपनीने हे वेळीच ओळखले आणि २०२० साली इस्रायलमधील मेलानॉक्स ही जाळ्यांची कंपनी सुमारे सात अब्ज डॉलरांना घेतली. २०२५ साली एच. पी. एंटरप्राइझने ज्युनिपर कंपनी सुमारे चौदा अब्जांना घेतली. म्हणजे जे व्यापार जाणतात, ते या पेटीवर पैसे लावीत आहेत.

मग हा तिसरा प्रवेश पहिल्यासारखाच संपणार काय? भविष्य सांगणे हा आमचा धंदा नव्हे. साम्य आणि भेद दोन्ही समोर ठेवतो. २००० सालचे पुष्कळ ग्राहक कर्जावर उभे होते. आजचे मोठे ग्राहक आपल्या चालू धंद्याच्या नफ्यातून बराच खर्च करतात. हा भेद मोठा आहे. पण माल विकणाऱ्यानेच ग्राहकाच्या धंद्यात पैसा घालावा, ही रीत पुन्हा दिसू लागली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात एनव्हिडियाने आपल्याच एका बड्या ग्राहक कंपनीत, ओपनएआयमध्ये, शंभर अब्ज डॉलरांपर्यंत गुंतवणूक करण्याचा इरादा जाहीर केला होता. हे साम्यही लहान नाही. वाणसामान उधारीवर खपवून दुकानाची विक्री वाढलेली दाखवता येते. वसुलीच्या दिवशी खरा हिशेब कळतो.

आता आपल्या अंगणात येऊ. भारतात शिक्षणसंस्थांचे 'अर्नेट' हे जाळे १९८६ साली सुरू झाले आणि सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आज समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, आणि ऐरोली-महापे-रबाळे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या पोटात हजारो स्विच आहेत. परंतु त्यांच्या हृदयातली चिप बहुधा अमेरिकेत आखलेली आणि तैवानात घडवलेली असते. सिस्कोने २०२४ साली चेन्नईत उत्पादनाचा आरंभ केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि पेटीची जुळणी आणि चिपची आखणी यांत फार अंतर आहे, आणि नफ्याचा मोठा वाटा दुसऱ्या टोकाला असतो, हे विसरता कामा नये. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालणारी टेलिफोन एक्स्चेंज स्वतः आखली होती. आपल्या गरजेपासून निघून यंत्रापर्यंत जाता येते, याचा तो पुरावा आहे. दुसऱ्याच्या यादीवरून यंत्र निवडून मग त्याला गरज शोधत बसणे, ही उलटी वाट होय.

आणि हीच उलटी वाट आपल्या लहान संस्था नकळत धरतात, अशी आमची तक्रार आहे. विक्रेता वाढीचा तक्ता दाखवतो, संचालक मंडळ प्रभावित होते, आणि दसपट वेगाची पेटी येऊन पडते. ज्या संस्थेचे संगणक जुन्या पेटीचा दशांश वेगही वापरत नव्हते, तिच्या ठेवीदारांचा पैसा अशा वेळी डेटा सेंटरच्या हौसेपायी खर्च होतो. उलट दुसरीकडे पंधरा वर्षांची पेटी, जिला कंपनीने सुरक्षेची दुरुस्ती देणे कधीच बंद केले आहे, ती बिनधास्त चालू असते आणि चोराला दार उघडे राहते. दोन्ही चुकांचे मूळ एकच: आपली गरज कोणी मोजलेलीच नसते.

ती मोजणे अवघड नाही. प्रत्येक तारेतून किती माहिती गेली याची नोंद साधारण बरा स्विच स्वतःच ठेवतो. महिनाभराची नोंद काढून पाहावी. कॅमेरे, दूरध्वनी, बिनतारी जोडण्या यांना याच तारेतून वीजही पुरवायची असेल, तर तो हिशेब वेगळा मांडावा. लहान संस्थांत पेटी अपुरी पडते ती पुष्कळदा या विजेपायी. कंपनी किती वर्षे दुरुस्ती देणार हे लेखी घ्यावे. निविदेत कंपनीचे नाव न लिहिता सार्वजनिक प्रमाण लिहावे; १९८३ साली जे प्रमाण ठरले ते ग्राहकाला मोकळे ठेवण्यासाठीच उपयोगी आहे. आणि पेटीच्या किमतीइतकाच विचार ती सांभाळणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा करावा. या विद्येच्या परीक्षा देणाऱ्या तरुण मुलामुलींनाही आमचे हेच सांगणे आहे. एका कंपनीची बटणे पाठ करून मिळालेली नोकरी त्या कंपनीच्या चढउताराबरोबर जाईल. जाळे कसे चालते हे समजून घेतलेत, तर पेटीवर नाव कोणाचेही असो, तुमचे काम अडणार नाही.

संगणकांची जाळी वाढतच जाणार, याविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती फक्त त्या वाढीच्या नावाने जे आकडे फिरतात त्यांविषयी. यापुढे असा एखादा आकडा कानावर आला, तर तीन प्रश्न विचारावेत: ही वाढ कशाची, पेट्यांची, वेगाची की पैशाची? ही मागणी आहे की गरज? आणि हिचा लाभ कोणाच्या हाती जातो? सभेत हे प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. भागधारक, पालक किंवा करदाता असणे पुरेसे आहे.